फाइल हलवली, त्यात काय एवढं?

व्हायवाला बाहेरून येणारे परीक्षक फायनल इयरच्या मुलांना एक प्रश्न हमखास विचारतात, ‘यात तुम्ही नवीन काय बनवलंत?’ मी कोकणातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे या प्रश्नाची ठरलेली उत्तरं मला पाठ आहेत. हजेरीचं अ‍ॅप. चेहरा ओळखणारं हजेरीचं अ‍ॅप. आणि हल्ली चेहरा ओळखून वर गप्पाही मारणारं हजेरीचं अ‍ॅप. डेमो होतो, रिपोर्टच्या ब्लॅक बुकवर सोनेरी अक्षरं चढतात, आणि जूननंतर ते अ‍ॅप कुणी उघडूनही बघत नाही.

माझ्या दोन विद्यार्थिनींनी यंदा वेगळं काम घेतलं. डेबियन लिनक्सवरच्या एका छोट्या ओपन सोर्स पॅकेजात, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेल्या प्रोग्राममध्ये, फाइली भलत्याच जागी पडल्या होत्या, त्या त्यांनी योग्य जागी नेल्या. परीक्षकांनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, ‘म्हणजे कट-पेस्टच ना?’ गुणही त्याच मापाने पडले.

माझं म्हणणं असं की हे काम अ‍ॅप बनवण्याहून अवघड होतं, आणि आपल्या अभ्यासक्रमाला ते मोजता येत नाही ही अभ्यासक्रमाची उणीव आहे.

आधी बिघाड काय होता ते सांगते. त्या प्रोग्रामचा मराठी अनुवाद कुणीतरी मेहनतीने करून ठेवला होता, पॅकेजमध्ये तो होताही. तरी मशीनची भाषा मराठी केली की पडद्यावर इंग्रजीच दिसायचं. लिनक्सवर अनुवादाच्या फाइलींची जागा ठरलेली असते: ‘यूएसआर’ फोल्डरमध्ये ‘शेअर’, त्यात ‘लोकॅल’, त्यात भाषेच्या दोन अक्षरी खुणेचा फोल्डर. मराठीची खूण ‘एमआर’. मूळ लेखकाने त्या जागी भाषेचं पूर्ण नाव लिहिलं होतं. प्रोग्राम ‘एमआर’ शोधतो, सापडलं नाही की मुकाट इंग्रजी दाखवतो. तक्रार नाही, एररही नाही. अनुवाद करणाऱ्याला वाटतं आपलं काम पोहोचलं, वापरणाऱ्याला वाटतं मराठीत कुणी काही करतच नाही. (‘मराठीत सॉफ्टवेअर का नाही’ या परिसंवादांना मी गेले आहे. फोल्डरच्या नावावर तिथे कुणी बोलत नाही.)

कोणती फाइल कुठे, याचे नियम काही डेबियनच्या लहरीने ठरलेले नाहीत. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी सामायिक मांडणी पाळावी म्हणून 1994 मध्ये पहिलं मानक निघालं, आणि 2015 मध्ये त्याची 3.0 ही आवृत्ती आली. वापरणारा बदलू शकतो ती सेटिंग ‘ईटीसी’त. प्रोग्राम चालताना जो डेटा वाढत-बदलत राहतो तो ‘व्हार’मध्ये. कुठल्याही प्रोसेसरवर तीच चालणारी चित्रं, मदतपानं, अनुवाद ‘शेअर’मध्ये. ‘यूएसआर-लोकल’ मशीनच्या मालकाचं. तिथे पॅकेजने पाऊल ठेवायचं नाही. मुलींच्या पॅकेजात सेटिंगची फाइल ‘शेअर’मध्ये होती. परिणाम असा, की शाळेतल्या लॅबमध्ये एखाद्या सरांनी तासभर बसून सेटिंग लावावी आणि पुढच्या अपग्रेडला ती न विचारता पुसली जावी. तीच फाइल ‘ईटीसी’त नीट नोंदवलेली असेल, तर ‘तुम्ही यात बदल केलाय, तुमची ठेवू की नवी घेऊ?’ असं डेबियन आधी विचारतं.

आता कट-पेस्टबद्दल. स्वतःच्या लॅपटॉपवर फाइल हलवणं म्हणजे कट-पेस्टच, कबूल. पण पॅकेजमधली फाइल आधीच हजारो अनोळखी मशीनवर जाऊन बसलेली असते. जुनी आवृत्ती असलेल्या मशीनवर नवी चढेल तेव्हा जुन्या जागेचं काय होणार, हे इथे बसून ठरवावं लागतं. फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात नेली आणि ‘अमुक आवृत्तीच्या आधीच्या त्या पॅकेजची ही फाइल मी घेतोय’ असं लिहून दिलं नाही, तर अपग्रेड अर्ध्यात अडतं. दुसऱ्याच्या फाइलवर लिहायला सिस्टिम नकार देते. फोल्डरच्या जागी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी खूण, ठेवायची असेल तर आणखी गंमत. कोऱ्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं. जुन्या मशीनवर मात्र डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, डीपीकेजी, आपणहून फोल्डर काढून तिथे सिमलिंक ठेवत नाही. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लागते. म्हणजे ज्या कोऱ्या मशीनवर विद्यार्थी डेमो देतो, नेमकी तिथेच ही चूक दिसत नाही.

हे छोट्या पॅकेजांचंच दुखणं आहे असंही नाही. खुद्द डेबियनने ‘बिन’ आणि ‘लिब’ हे वरचे फोल्डर ‘यूएसआर’मधल्या त्याच नावांच्या फोल्डरांत विलीन करायला घेतले, त्याची हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगते. हे दोन-दोन फोल्डर आले कुठून? सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते तेव्हा पहिली डिस्क भरली आणि उरलेलं दुसऱ्या डिस्कवर सांडलं, असं सांगतात. डिस्क मोठ्या झाल्या, तरी वाटणी तशीच राहिली. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाने ती 2012 मध्ये मिटवली. डेबियनने 2019 मध्ये नव्या मशीनवर विलीन मांडणी सुरू केली, म्हणजे जुन्या ‘लिब’च्या जागी नव्या ‘लिब’कडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवली. पण डीपीकेजीच्या वहीत दोन्ही पत्ते वेगळेच राहिले. एकाच जमिनीचे दोन सातबारे निघाल्यावर जे होतं तेच इथे होणार होतं. फाइल जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेली आणि त्याच वेळी पॅकेजही बदललं, तर नवं पॅकेज ती फाइल नव्या पत्त्यावर मांडतं. मग जुन्या पॅकेजचं अपग्रेड येतं, ‘जुन्या पत्त्यावरची फाइल आता नको’ म्हणून ती पुसतं, आणि जागा एकच असल्याने नवी फाइलच जाते. एररशिवाय.

2021 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने विलीन मांडणी पक्की केली, पण फाइली तूर्त हलवू नका असंही सांगितलं. 2023 मध्ये डेबियन 12 आलं तेव्हा त्यात 64,000 हून जास्त पॅकेजेस होती. त्यातल्या ज्यांच्या फाइली जुन्या पत्त्यांवर होत्या, त्या हलवण्याचं काम त्यानंतर एकेक करून झालं, तेव्हा कुठे ऑगस्ट 2025 मधलं डेबियन 13 निघालं. एवढी वर्षं जाणती माणसं फाइली हलवत होती, आणि वापरणाऱ्याला पडद्यावर काहीही नवं दिसलं नाही. काम नीट झालं याची हीच खूण. आमच्या गुणपत्रकात मात्र याच खुणेला शून्य.

सहकारी म्हणतात, असली कामं प्रोजेक्ट म्हणून मान्य केली तर मुलं एक फाइल हलवतील आणि मोकळी होतील. होतील काही. पण तयार प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकत मिळतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी त्यावर सह्या होतात. डेबियनचे बग-रिपोर्ट जाहीर असतात: कोणी काय सुचवलं, कोणत्या तारखेला, पॅकेज सांभाळणाऱ्याने ते किती वेळा परत पाठवलं, सगळं दिसतं. आमच्या मुलींचा पहिला पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, परत आला होता, सिमलिंकच्याच कारणाने. ‘हे जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करून पाहिलंत का?’ असं त्यांना विचारलं गेलं. व्हायवात असा प्रश्न निघालेला मी अजून ऐकलेला नाही.

देखभाल हा प्रोजेक्टचा स्वतंत्र प्रकार धरावा, असं मी विभागाला लेखी दिलं आहे. परीक्षा कशी घ्यायची तेही त्यात आहे. परीक्षकाने जुनी आवृत्ती बसवलेलं मशीन घ्यावं, सेटिंगमध्ये स्वतःच्या हाताने एक बदल करावा, भाषा मराठी करावी आणि विद्यार्थ्याला म्हणावं, कर अपग्रेड. बदल टिकला का, मराठी दिसते का, जुन्या जागी काही अनाथ उरलं का, एवढं बघावं. मग पॅकेज काढून टाकायला सांगून मागे काय राहिलं ते बघावं. पॅकेज बसवणं, अपग्रेड करणं, काढणं हे सगळं आपोआप तपासणारं पायुपार्ट्‌स हे साधन डेबियनकडे फुकट मिळतं, आणि ते चालवायला आमच्या लॅबमधली जुनी मशीनही पुरतात.