मुक्काम पोस्ट ३०१

चाळ सोडून आम्ही ब्लॉकमध्ये राहायला गेलो, तेव्हा वडिलांनी पहिलं काम केलं ते पोस्टात नवा पत्ता लिहून देण्याचं. पुढे कित्येक महिने चाळीच्या पत्त्यावरची पत्रं खाडाखोड अंगावर वागवीत आमच्याकडे येत राहिली. यात वडिलांना कुठला नंबर पटकवायचा नव्हता. पत्र पोचावं, एवढाच हेतू!

गेल्या वर्षी माझ्या लेखांचं संकेतस्थळ असंच नव्या पत्त्यावर हलवलं. भाचा म्हणाला, "मामा, ३०१ लावा. गूगलवर एकदम वर याल!"

हे ३०१ म्हणजे दंतमंजन नव्हे. सर्व्हरने विचारणाऱ्याला द्यायचं ते उत्तर : बिऱ्हाड कायमचं हललं. ३०२ म्हणजे, माहेरी गेल्यात, येतील परत. डॉट-एचटीॲक्सेस नावाच्या फायलीत ओळ लिहिली की झालं. ३०१ जुन्या घरची पुण्याई नव्या घरी आणतो. नवी पैदा करीत नाही. इथंच सगळ्या भाच्यांची गल्लत होते.

आमच्या भाच्याने जुने पत्ते सरसकट पहिल्या पानावर वळवले. आईवरचा माझा लेख शोधत आलेल्या एका बाईंना दिसलं काय? 'सुस्वागतम्!' कुलकर्ण्यांचं घर विचारणाऱ्याला सोसायटीच्या फाटकाशी नेऊन उभं करावं, तसं. बाईंनी लिहिलं, "लेख काढून टाकलात का हो?" अहो, बाईच कशाला, अशा पत्त्यांना गूगलसुद्धा बहुधा 'पान सापडत नाही' याच खात्यात टाकतं.

भाच्याची पुढची युक्ती : कुणीतरी सोडून दिलेलं नामांकित संकेतस्थळ विकत घ्या आणि आपल्याकडे वळवा. म्हणजे मेलेल्याच्या रेशनकार्डावर साखर उचला! असल्या साखरेला गूगलने २०२४ साली रीतसर लबाडीच्या यादीत घातलं.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ सालीच सांगून बसलेत, की चांगले पत्ते बदलत नसतात. माझा बदलला, तर निस्तरायचं मीच. तीन रात्री बसलो. ११२ लेख, ११२ ओळी. जुनं पान त्याच्याच नव्या पानाशी जोडलं.

नंबर? होता तिथंच आहे. पण त्या बाईंचं परवा उत्तर आलं : "लेख मिळाला. माझ्या आईलाही वाचून दाखवला."

पत्र पोचलं.