संशोधकाची खरी कमाई

आपल्या वस्त्यांमधील मुले-मुली आता पदवीवर न थांबता संशोधनाकडे वळत आहेत. तेव्हा संशोधकाचे मोल कसे ठरवतात, हे पालकांनीही समजून घ्यावे.

संशोधक आपला शोध निबंधरूपाने नियतकालिकात छापतो. पुढे दुसऱ्या संशोधकाने त्या निबंधाचा आधार घेतला, तर तो तसा हवाला देतो. या हवाल्यांची मोजदाद होते. 'एच-इंडेक्स' हे त्यातले एक माप हर्श नावाच्या शास्त्रज्ञाने २००५ साली सुचवले. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस हवाले मिळाले, त्याचा आकडा वीस. नेमणूक आणि बढतीच्या वेळी असे आकडे पाहिले जातात.

पण हा आकडा सगळे सांगतो काय? कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांचे उदाहरण पाहा. १९१५ साली हुगळी जिल्ह्यात बेताच्या परिस्थितीच्या घरात जन्मलेला हा माणूस. पटकीने माणसे पटापट मरत, पण जंतू नेमके काय करतो याचा पुरावा नव्हता. डे यांनी तुटपुंज्या साधनांनिशी जंतू वाढवलेला द्रव गाळला आणि जंतूविरहित द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला. तरीही तेथे पाणी साठले! म्हणजे जंतू जे विष सोडतो, तेच अंगातले पाणी बाहेर काढते. हा निबंध १९५९ साली 'नेचर'मध्ये छापून आला.

सुरुवातीला त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. देशातल्या विज्ञान अकादमींनी त्यांना सदस्यत्वही दिले नाही. १९७३ साली ते निवृत्त झाले. नोबेल विजेते लेडरबर्ग यांनी मात्र नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले होते. १९७८ साली पटकीवरील नोबेल परिषदेचे निमंत्रण त्यांना आले. १९८५ साली ते वारले. दुसऱ्याच वर्षी हवाल्यांच्या मोजणीचे जनक गारफील्ड यांनी त्याच मोजणीच्या आधारे लेख लिहून पटकीच्या संशोधनावर डे यांचा केवढा प्रभाव आहे, हे जगाला दाखवले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आकडा उशिरा बोलतो, म्हणून तो लहान दिसला तरी मुलांनी खचू नये आणि नुसता आकडा फुगवण्यासाठी निबंधांची रासही घालू नये. पण डे यांनी आपले काम छापलेच नसते, तर गारफील्ड यांना तरी काय सापडले असते? म्हणून प्रयोगाची वही रोज भरा, आपला शोध आपल्या नावाने लिहा, छापा.

आणि आईवडिलांनो, लेकरू सुट्टीत घरी आले की "किती निबंध झाले?" हे जरूर विचारा, पण त्याआधी "बाळा, तुला काय सापडले?" असे विचारा. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगण्याची सवय त्यालाही लागेल.