कारभारी बदलला, किल्ली कुठे?

संगणकाच्या घरात सगळ्यांत आधी उठतो तो इनिट. त्याचा क्रमांक एक. बाकीची मंडळी त्याने उठवल्यावर उठायची. लिनक्सच्या घरात वर्षानुवर्षे सिस्टिम-फाइव्हचे आजोबा होते. एकेकाला हाक मारीत, सावकाश. 2010 साली लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सिस्टिम-डी हा नवा कारभारी आणला. हा शक्य तितक्यांना एकदमच उठवतो. 2014 मध्ये डेबियनने त्याला गादी द्यायचे ठरवले, तेव्हा अशी भांडणे जुंपली की काहींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली!

ते भांडण आता आमच्या मुरुडला पोचले आहे. भाच्याने गणपतीत येऊन शेजारच्या मास्तरांच्या संगणकाचा कारभारी बदलला. "मामा, नवा शिस्तीचा आहे," तो म्हणतो. मास्तर म्हणतात, "जुनं ते सोनं." दोघे सुपारीच्या वाडीत बसून तासभर भांडतात, आणि संगणक आत बंद तो बंदच. त्यात मास्तरांच्या पेन्शनचे कागद. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा आहे. मास्तर हयात, पण पुरावा कुलपात!

माझे भांडण दोघांशीही आहे. अहो, झाले काय ते तरी बघा. कोणती डिस्क कुठे जोडायची याची एफएसटॅब नावाची यादी असते. तीत फोटोंची बाहेरची डिस्क होती; ती मुलाने केव्हाच पुण्याला नेली. आजोबा थोडे कुरकुरत आणि पुढे जात. नवा कारभारी दीड मिनिट वाट बघतो आणि गाडी आपत्कालीन फलाटावर उभी करतो. वर रूटचा पासवर्ड मागतो. तो कधी ठेवलेलाच नसेल, तर तेही दार बंद. जंजिऱ्याचा दरवाजाही जवळ जाईपर्यंत दिसत नाही, पण राजपुरीचा होडीवाला तिथे नेऊन तरी सोडतो!

यादी चुकीची होती, हे कबूल. आजोबा ती लाडाने झाकत होते. 2015 च्या डेबियन आठच्या सूचनांत या कडकपणाचा इशाराही छापलेला आहे. पण एक पाहुणा आला नाही म्हणून यजमानालाच बाहेर ठेवायचे, ही कुठली शिस्त?

तेव्हा कारभारी बदलणाऱ्या तमाम भाच्यांनो, परतीची एसटी पकडण्यापूर्वी तीन कामे करा. यादीतल्या ऐच्छिक डिस्कांपुढे 'नोफेल' लिहा. रूटचा पासवर्ड ठेवा. आणि मागचे दार दाखवा: ग्रबच्या यादीत 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' लिहायचे, मग मूळ डिस्क लेखनासाठी पुन्हा जोडून यादी दुरुस्त करायची.

हे सगळे कागदावर लिहून द्या. संगणकातच लिहून ठेवलेत, तर मास्तरांनी ते वाचायचे कुठे?