खेळाबाहेरची पैज

२०१८ सालच्या अखेरीस अमेरिकेतील दोघा व्यावसायिक पोकर खेळाडूंनी आपसांत एक पैज लावली. रिच अलाटी याने एका गडद अंधाऱ्या न्हाणीघरात तीस दिवस एकट्याने काढावयाचे, दिवा नाही, फोन नाही. आणि रोरी यंग याने तो हे करू शकणार नाही यावर एक लाख डॉलर लावावयाचे, असा हा करार होता. विसाव्या दिवशी आपण हरणार असे दिसू लागल्यावर यंगने तडजोड केली आणि अलाटी ६२,४०० डॉलर घेऊन उजेडात आला. या साऱ्या प्रकारात पत्त्यांचा एकही डाव नव्हता. ज्यांचे पोट पत्त्यांवर चालते, त्यांनी पत्ते बाजूला ठेवून लावलेली ही पैज होती.

कुबेरांचे चोचले म्हणून ही हकीकत वाचून सोडून देता आली असती. परंतु क्रिकेटच्या हंगामात वारज्याच्या उड्डाणपुलाजवळील कोणत्याही चहाच्या टपरीवर संध्याकाळी घटकाभर उभे राहावे. सामना दूर कोठे तरी चाललेला असतो. पुढच्या षटकात षटकार बसेल की नाही, यावर येथे दोघा मित्रांत शंभराची, पाचशेची बोली होते आणि षटक संपताच रक्कम एका मोबाईलमधून दुसऱ्या मोबाईलमध्ये जाते. अड्डा नाही, दलाल नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. रकमेचा फरक सोडला, तर लास वेगासची पैज आणि ही पैज एकाच जातीच्या आहेत. दोन्हींत खेळ हे केवळ निमित्त असते.

या जातीची ओळख आपल्याला नवी नाही. महाभारतातील दुसऱ्या द्यूतात पणाला लागले ते द्रव्य नव्हतेच. बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास, आणि त्या वर्षात ओळख पटल्यास पुन्हा बारा वर्षे, असा तो पण होता. माणसाने स्वतःचे जगणेच डावावर लावण्याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. अलीकडच्या इतिहासात मुंबईचा मटका हे याचे दुसरे उदाहरण. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारयंत्राने मुंबईस येत आणि त्यांवर पैजा लागत. कापसाचा व्यापार हा मूळ व्यवहार आणि त्याच्या भावावरील पैज ही त्याच्या बाजूस वाढलेली वेल. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणे थांबले. तर्काने पाहिल्यास झाडाबरोबर वेलही वाळावयास हवी होती. प्रत्यक्षात १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. भावांची जागा मडक्यातील चिठ्ठ्यांनी आणि पुढे पत्त्यांनी घेतली आणि गिरणी कामगाराच्या पगारातील वाटा पूर्वीप्रमाणेच त्यात जात राहिला. पैजेला खेळाची गरज नसते, हे मटक्याने तेव्हाच सिद्ध केले होते.

आपल्या न्यायालयांनी मात्र दीर्घकाळ खेळाचीच परीक्षा घेतली. जुगार हा राज्यघटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सांगितले. त्या निकालपत्रात ऋग्वेद आणि महाभारत यांचाही दाखला आहे. त्याच निकालाने कौशल्याच्या स्पर्धा निराळ्या काढल्या. पुढे १९६७ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पोकरविषयी एकमत नाही : गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरविला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो कौशल्याचा मानला. पोकरमध्ये शक्याशक्यतेचे गणित आणि प्रतिस्पर्ध्याच्या मनाचा अंदाज यांना मोठे स्थान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हे कौशल्य पत्त्यांच्या टेबलापाशी संपते. अंधारात मन किती दिवस टिकेल, हे पत्त्यांच्या गणिताने कळत नाही. कौशल्याच्या जोरावर कमावलेले द्रव्य खेळाडू कौशल्य संपते तेथे लावतात, तेव्हा त्यांना ओढणारी गोष्ट खेळ नसून पण आहे, असेच म्हणावे लागते.

येथे अर्थशास्त्रातील एका जुन्या सिद्धांताची आठवण करणे उचित ठरेल. डॅनियल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ मध्ये असे दाखविले की, संपत्ती वाढत जाते तसतशी तिच्यातील प्रत्येक नव्या रुपयाची उपयुक्तता घटत जाते. याचा अर्थ असा की, जिंकण्याची आणि हरण्याची शक्यता अगदी समसमान असली, तरी पैज ही तोट्याचीच असते. महिन्यास पंचवीस हजार मिळविणाऱ्या कारकुनाने दहा हजारांची पैज जिंकली, तर घरात एखादी वस्तू येईल. हरली, तर घरभाडे किंवा मुलाची फी थकेल. या दोन गोष्टींचे वजन सारखे नाही. कोट्यधीशाला दहा हजार गेल्याचे समजतही नाही. म्हणूनच श्रीमंतांच्या पैजेचे अनुकरण जेव्हा पगारदार आणि विद्यार्थी करतात, तेव्हा ते अनुकरण फक्त दिसण्यापुरते असते. दोघे एकच शब्द उच्चारतात, पण निरनिराळी किंमत मोजतात.

पैजेचे देणे चुकविले तर काय? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेली रक्कम दावा लावून मिळत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला जोडून केलेले करारही निरर्थक ठरविले. कायद्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु न्यायालयाचे दार बंद झाले म्हणजे देणे संपते असे नाही. पोकरपटूंच्या वर्तुळात ते पत राखण्यासाठी फेडले जाते, कारण पत गेली की टेबलावरील जागाही जाते. वसतिगृहात किंवा कचेरीत ते लाजेखातर फेडले जाते. बहुधा दुसऱ्याकडून उसने घेऊन, आणि आता मोबाईलवर काही मिनिटांत मिळणाऱ्या चढ्या व्याजाच्या कर्जातून. मित्राचे देणे अशा रीतीने सावकाराचे देणे बनते, आणि सावकाराचा करार निरर्थक ठरविण्यासाठी न्यायालयात जाण्याचे बळ या तरुणापाशी नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने एक महत्त्वाचे पाऊल उचलले. कौशल्य की नशीब हा वाद बाजूस सारून पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या साऱ्याच ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या कायद्याविरुद्धच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या. ज्या व्यवहारावर ऑक्टोबर २०२३ पासून सरकार अठ्ठावीस टक्के कर वसूल करीत होते, तोच दोन वर्षांत समाजविघातक कसा ठरला, हा प्रश्न विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे. तरीही खेळाऐवजी पैशाकडे पाहण्याची या कायद्याची दृष्टी योग्य आहे, यात शंका नाही.

मात्र त्याची पोच कोठे संपते, हेही ओळखले पाहिजे. कायद्याचा हात सेवा चालविणाऱ्यापर्यंत पोहोचतो. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचा रोख अड्ड्यांवर आणि सार्वजनिक जागांवर आहे. दोघा मित्रांच्या मोबाईलमधून सरकणाऱ्या पाचशे रुपयांवर यांपैकी कोणाचीच नजर पोहोचणे कठीण, आणि प्रत्येक खाजगी देवघेवीवर पोलिसांची नजर असावी असे कोणी म्हणणारही नाही. बंद झालेल्या ॲपची जागा टपरीवरील पैजेने घेतली, तर मटक्याचा इतिहासच नव्या रूपाने पुढे येईल.

तेव्हा जेथे कायदा थांबतो, तेथून पुढचे काम घराला, शाळेला आणि कचेरीला करावे लागेल. जुगार वाईट, एवढे फळ्यावर लिहून ते होणार नाही. तरुण ते ऐकून कंटाळले आहेत. समसमान पैजही तोट्याची का, हे त्याच फळ्यावर आकड्यांनी मांडता येते. चटकन मिळणाऱ्या कर्जाच्या व्याजावर आणि वसुलीच्या रीतींवर कडक नियंत्रण ठेवता येते. आणि हरलेल्या मुलाला घरी येऊन आकडा खरा सांगता येईल, इतपत धीर आईबापांना देता येतो. पैजेचे देणे कायद्याने निरर्थक आहे. ते सांगण्याची लाजही तशीच निरर्थक ठरली, तर पुष्कळ घरे सावकाराच्या दारापासून वाचतील.