आखाड्यात काटा नसतो

यात्रांचा हंगाम सुरू झाला की शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरेच्या पंचक्रोशीत हलगी कडाडू लागते. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, ऊन उतरलं की मोठ्या इनामाच्या. जोड ठरते ती नजरेनं. पंच दोघांना शेजारी शेजारी उभं करतात, एकाचा दंड चाचपतात, दुसऱ्याची उंची बघतात. वस्ताद मान हलवतो किंवा 'नाही जमायची' म्हणतो आणि विषय संपतो. यात चुका होतात, वाद होतात, कधी उघड पक्षपातही होतो. पण काट्यावर क्षणभर उभं राहता यावं म्हणून तिथं आदल्या रात्री कोणी पाणी तोडत नाही. आखाड्यात काटा नसतो.

काटा भेटतो शाळेच्या स्पर्धेत. कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदो, तायक्वांदो, कोणताही लढतीचा खेळ घ्या. तालुक्यावरून जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढण चढताना प्रत्येक पायरीवर वजन होतं. या चढणीला अर्थही मोठा आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढं राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ज्या घरात जमीन दोन-तीन एकर आणि भाऊ तिघं, तिथं राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र सातबाऱ्याइतकंच जपलं जातं. मग कोणीतरी सुचवतं, पोरगा तीन किलो खाली उतरला तर गट सोपा आहे.

हे तीन किलो कुठून येतात? एका रात्रीत चरबी जळत नाही. निघतं ते पाणी. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, इतका सरळ हिशोब. म्हणून पोरं आधी जेवण बंद करतात, मग पाणी. अंगात दोन स्वेटर, वर प्लॅस्टिक किंवा रबरी सूट घालून भर उन्हात पळतात, दोरीच्या उड्या मारतात, शेवटच्या तासात थुंकून थुंकून ग्रॅम मोजतात. घाम येतो तो शरीर थंड ठेवण्यासाठी. प्लॅस्टिकखाली तो वाळतच नाही, त्यामुळे अंग आतून तापत जातं. रक्त दाट होतं, हृदय जोरात धडधडतं, मूत्रपिंडांना पाणी कमी पडतं, पोटॅशियम-सोडियमचं गणित बिघडतं. उष्माघातानं माणूस दगावतो तेव्हा शरीरात याहून वेगळं काही घडत नसतं.

बॉक्सरला एक धोका जास्तीचा. कवटीच्या आत मेंदूभोवती द्रव असतो, धक्का काही प्रमाणात तोच झेलतो. शरीर सुकलेलं असताना डोक्यावर ठोसे घेणं किती महागात पडू शकतं, याबद्दल क्रीडावैद्यकातले जाणकार सावध करत आले आहेत. शिवाय थकलेल्या माणसाचे हात खाली येतात, ठोसा दिसतो पण चुकवता येत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, तिथं दुसराच अनर्थ घडतो. 26 फेब्रुवारी 2000 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्तुरो गाटी जोई गमाशविरुद्ध उतरला. आदल्या दिवशी काट्यावर साधारण 64 किलो भरलेला गाटी रिंगणात उतरला तेव्हा सुमारे 72 किलोंचा होता. दुसऱ्याच फेरीत गमाश कोसळला. मेंदूला इजा झाली आणि कारकीर्द तिथंच संपली. वजन उतरवणाऱ्याच्या जिवाला धोका असतोच, इथं मात्र किंमत समोरच्यानं मोजली.

मराठी वाचकाला हा विषय कळला तो 7 ऑगस्ट 2024 च्या सकाळी. कुस्तीगीर विनेश फोगट पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 किलो गटाच्या अंतिम फेरीआधी 100 ग्रॅम जादा भरली आणि अपात्र ठरली. भारतीय पथकाचे वैद्यकीय प्रमुख, मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी रात्रभर काय काय केलं ते नंतर सांगितलं. आदल्या सकाळी ती 49.9 किलो होती. तीन कुस्त्या आणि मध्ये घेतलेलं बेताचं अन्नपाणी, एवढ्यावर संध्याकाळी काटा 52.7 वर गेला. मग रात्रभर घाम गाळणं, केस कापणं, कपडे तोकडे करणं. तरी 100 ग्रॅम उरलेच. देशभर हळहळ झाली, कटाच्या शंकाही निघाल्या. एक साधा प्रश्न मात्र मागं पडला. रिओत 48 किलोत आणि टोकियोत 53 किलोत खेळलेल्या, एरवी 56-57 किलो भरणाऱ्या बाईनं 50 किलोत यावंच का लागावं? 53 किलोची जागा अंतिम पंघालनं मिळवलेली होती. उरलेला रस्ता शरीर चिरडून जाणारा होता.

त्याच पॅरिसमध्ये बॉक्सर निखत झरीन 50 किलो गटात चीनच्या वू यूकडून हरली. दोन दिवस जेवले नव्हते, वजन होईपर्यंत पाणीही प्यायले नाही, सावरायला वेळ मिळाला नाही, असं तिनं हरल्यावर सांगितलं. ती दोन वेळची जगज्जेती आहे, पण पहिलं जागतिक विजेतेपद 52 किलोत जिंकलेली बॉक्सर 50 किलोत उतरते तेव्हा हे दोन किलो कागदावरच लहान दिसतात.

आपण वृत्तपत्रवालेही यात निर्दोष नाही. 2018 मध्ये बॉक्सर मेरी कोमनं पोलंडमध्ये चार तासांत दोन किलो उतरवले आणि सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा ती बातमी जिद्दीची गोष्ट म्हणून छापली गेली. पॅरिसमध्ये कुस्तीगीर अमन सेहरावतनं कांस्यपदकाच्या लढतीआधी दहा तासांत 4.6 किलो उतरवले, त्याचंही कौतुकच झालं. पुढच्या वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच अमन 1.7 किलो जादा भरला आणि न लढताच परतला. कुस्ती महासंघानं त्याच्यावर वर्षभराची बंदी घातली, नंतर ती मागं घेतली. उतरलं तर वीर, नाही उतरलं तर गुन्हेगार. शरीर दोन्ही वेळा तेच. पॅरिसच्या उपांत्य फेरीत अमनला हरवणारा आणि पुढं सुवर्ण जिंकणारा जपानचा रेई हिगुची 2021 च्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत 50 ग्रॅमनं बाद झाला होता, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे.

'सगळेच करतात, आपलं पोरगं एकटंच कसं राहील?' हा तालमीतला युक्तिवाद खोटा नाही. जो उतरवत नाही त्याच्यासमोर वरून उतरलेला दांडगा गडी येतोच. पण सगळ्यांनीच चार किलो उतरवले तर कोणाला काय फायदा झाला? जोड पुन्हा तीच लागली, फक्त दोघंही सुकलेले. म्हणून हे उपदेशानं सुटणार नाही, त्याला नियमच लागेल.

महाराष्ट्राच्या कुस्तीची परंपरा वजन कमावण्याची. खुराक, थंडाई, जोर-बैठका, सारं अंग भरण्यासाठी. खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात खेळले आणि सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत ते 57 किलो गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन गोळेश्वरला परतले. बीडच्या पाटोद्याचा, पुण्याच्या तालमींत घडलेला राहुल आवारे 2018 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत जिंकला, पण जागतिक स्पर्धेचं कांस्य त्याला 2019 मध्ये 61 किलोत मिळालं. 61 किलो हा ऑलिंपिकचा गट नाही, ही अडचण खरीच. तरी वर सरकणं म्हणजे पळ काढणं नव्हे, हे या दोघांनी दाखवलं आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा शिरूर तालुक्याच्या वेशीपासून जवळच, फुलगावला झाली. किताबाच्या गटात 86 पासून 125 किलोपर्यंत मुभा असते. गर्दी त्याच मल्लांना बघायला जमते आणि त्यांना सहसा घाम गाळून खाली यावं लागत नाही. म्हणून प्रेक्षकाला हा प्रश्न दिसतच नाही. तो 57, 61, 65 किलोच्या पोरांचा आहे.

नियम कसा लागतो ते अमेरिकेत दिसलं. तिथं 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिनाभरात महाविद्यालयांतले तीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. त्यातला एक तापवलेल्या खोलीत रबरी सूट घालून सायकल मारत होता. त्यानंतर तिथल्या विद्यापीठीय क्रीडा संघटनेनं रबरी सूट आणि घाम काढण्याच्या तापत्या खोल्यांवर बंदी घातली, वजन लढतीच्या तोंडावर घ्यायला सुरुवात केली आणि हंगामाआधीच लघवीची तपासणी करून प्रत्येक खेळाडूचं किमान वजन ठरवून टाकलं. आपल्याकडं वजनानंतर सलाइन लावून घेण्याचा जो शॉर्टकट ऐकू येतो, तो तर उत्तेजकविरोधी नियमांतच बसत नाही: रुग्णालयातल्या उपचाराचं कारण नसेल तर बारा तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन घेता येत नाही, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहेत.

पुणे जिल्ह्यात अशा नियमाची सुरुवात करायला ऑलिंपिक समितीची वाट बघायची गरज नाही. शाळा जूनमध्ये उघडतात. लढतीच्या खेळांत नाव देणाऱ्या प्रत्येक मुलाचं वजन त्याच महिन्यात, पोटभर जेवलेलं आणि पाणी प्यायलेलं असताना घ्यावं आणि प्रवेशपत्रिकेवर लिहावं. स्पर्धेच्या दिवशी त्याहून खालच्या गटात कोणाला उतरू देऊ नये. लागतं काय, तर एक काटा, एक वही आणि क्रीडाशिक्षकाची सही. यंदाच्या प्रवेशपत्रिका छापण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी त्यावर वजनाची ती एक ओळ वाढवावी.