एका 'आणि'विषयी

वर्गात कधी डायनोसॉरांचा विषय निघाला, तर विद्यार्थी तो एका वाक्यात मिटवतात : 'आकाशातून दगड पडला आणि डायनोसॉर मेले.' यातील 'आणि'विषयी आमची तक्रार आहे. घटनाक्रम म्हणजे कथानक नव्हे, हे आपण कादंबरी शिकवताना सांगतो; विज्ञानाची गोष्ट सांगताना मात्र विसरतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतील युकातानपाशी अंदाजे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. लुइस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० साली या आघाताची कल्पना मांडली. इटलीतील गुब्बिओ येथे मातीच्या पातळ थरात त्यांना इरिडियम विपुल आढळले होते. भूकवचात दुर्मीळ असलेले हे मूलद्रव्य अशनींत पुष्कळ असते. पुढे १९९१ मध्ये चिक्शुलूबचे विवर हीच त्या आघाताची जागा म्हणून ओळखले गेले.

परंतु जगभरचा संहार केवळ त्या तडाख्याने झाला नाही. धूळ, काजळी आणि गंधकयुक्त खडकांतून उसळलेले वायू यांनी सूर्य झाकला. पृथ्वी गारठली, प्रकाशसंश्लेषण खुंटले. आधी वनस्पती, मग त्यांवर जगणारे, मग त्यांना खाणारे, अशी अन्नसाखळी तुटत गेली. सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नष्ट झाल्या. डायनोसॉरांची एक शाखा मात्र तगली. ती म्हणजे आपले पक्षी. म्हणजे 'मेले' हे क्रियापदही अर्धेच खरे.

या कथेत महाराष्ट्राचा कातळही येतो. अजिंठा-वेरूळची लेणी ज्या बेसॉल्टमध्ये कोरली आहेत, तो दख्खनचा लाव्हा त्याच काळातला. त्याचे उद्रेक आघातापूर्वीच सुरू झाले होते. विनाशात त्यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुतेकांचा कौल लघुग्रहाकडे असला, तरी हा वाद विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

सारा दोष एकाच खलपात्रावर टाकणारी कथा आपण कच्ची मानतो. येथे तर तिचा धोका अधिक आहे. विनाश नेहमी आकाशातून, गर्जना करीतच येतो, अशी समजूत ती रुजवते. आज जंगलतोड, प्रदूषण आणि तापमानवाढ यांमुळे प्रजाती नाहीशा होत आहेत, आणि आकाशात कोणताही दगड दिसत नाही. गर्जनेची वाट पाहणाऱ्याला हा ऱ्हास ऐकू येणार नाही. म्हणून त्या 'आणि'च्या जागी काय काय घडले, हे साहित्याच्या वर्गातही सांगितले पाहिजे, असे आम्हांस वाटते.