परीक्षेचा एक तास

घरातील वृद्धांची शुश्रूषा सांभाळून ‘प्रोफेशनल स्क्रम प्रॉडक्ट ओनर’ या उत्पादन-व्यवस्थापनाच्या परीक्षेची पहिली पायरी चढू पाहणाऱ्या वाचकहो, २०२० ची मूळ ‘स्क्रम गाइड’ अवघी १३ पानांची आहे. रुग्णाच्या उशाशी बसूनही ती चारदा वाचून होते. कठीण आहे तो परीक्षेचा तास. ६० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास ४५ सेकंद. उत्तीर्ण होण्यास ८५ टक्के गुण हवेत. परीक्षा घरबसल्या, आपल्या सोयीच्या वेळी देता येते. मात्र एकदा सुरू झालेले घड्याळ थांबत नाही. म्हणून जागरणानंतरची सकाळ टाळावी. औषधपाणी उरकून रुग्णापाशी कुणास तरी बसवावे आणि दार का लावले आहे, हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगावे. न सांगता लावलेले दार त्यांच्या मनाला फार लागते. मग हाका सुरू होतात!